न घेतलेला कबुलीजबाब

नोकरीत शेकडो गुन्हे तपासले. त्यातले बरेचसे आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. चोर एका गावचा आठवतो आणि पंचनामा दुसऱ्याच गावचा. घिवलीच्या बांबूंचं प्रकरण मात्र जसंच्या तसं लक्षात आहे. त्यात ना खून होता, ना दरोडा. कोर्टात तर ते गेलंच नाही. तरी कुणी मला विचारलं की साहेब, तुमची मोठी केस कुठली, तर माझ्या तोंडात आधी हीच येते.

साठचं दशक अर्धंअधिक उलटलं होतं. मी पालघरला फौजदार होतो. किनाऱ्याच्या बाजूला मोठ्या सरकारी बांधकामाची मोजणी चालू होती. ओव्हरसियर, त्यांच्या साखळ्या आणि दुर्बिणी, शिवाय बोईसर स्टेशनवर उतरणारे हिंदी बोलणारे मजूर, असा सगळा नवा कारभार होता. आमच्या ठाण्याला वरून सक्त ताकीद होती की मोजणीत कुणी अडथळा आणला तर हयगय करायची नाही.

त्याच किनाऱ्यावर, घिवली या कोळ्यांच्या गावात, आपल्या ओळखीच्या एका डॉक्टरीणबाईंच्या रिकाम्या घरात एक परदेशी बाई राहत होत्या. वय साठीकडे झुकलेलं, उन्हाने रापलेला गोरा चेहरा, पायात कोळणींसारख्या साध्या वहाणा. त्या लेखिका होत्या. त्यांची गोपनीय फाइल माझ्या कपाटात होती आणि ती वाचताना मी चहा प्यायचा विसरलो होतो. युरोपातल्या त्यांच्या देशात आधी राजाने त्यांना तुरुंगात टाकलं. मग क्रांती झाली, तेव्हा त्यांच्याच बाजूच्या पुढाऱ्यांवर त्यांनी टीका केली म्हणून त्या पुढाऱ्यांनी बाईंना हाकललं. शेवटी एक सेनापती गादीवर बसला आणि बाई परत आल्या तर जन्मठेप, असं त्याने जाहीर केलं. त्यानंतर बाई चार-पाच देश फिरल्या आणि प्रत्येक ठिकाणी सरकारविरुद्ध लिहिलं. फाइलवर शेरा होता, ‘अराजकवादी’. म्हणजे सरकार नावाची गोष्टच नको म्हणणारे. असे लोक बॉम्ब टाकतात, एवढीच माझी समजूत होती.

दर महिन्याला त्यांना ठाण्यात हजेरी द्यावी लागे. त्या यायच्या, पण सही करायच्या नाहीत. “मी तुमच्या समोर उभी हाय. दिसते ना? मग कागद कशाला?” मराठी त्या गावातल्या बायकांकडून शिकल्या होत्या, त्यामुळे तोंडात ‘हाय’ आणि ‘नाय’. मला ‘साहेब’ म्हणत नसत, ‘भाऊ’ म्हणत. खुर्ची दिली तर आधी व्हरांड्याकडे बघायच्या. तिथे फिर्यादी उकिडवे बसलेले दिसले की त्याही जाऊन त्यांच्यात बसायच्या. आमचे रायटर जमादार चरफडत वहीत ‘हजर, सही नाकारली’ असं लिहायचे. मी दुर्लक्ष करायचो. खरं सांगायचं तर मला त्यांची गंमत वाटायची, आणि थोडा धाकही.

दिवाळीनंतर एके सकाळी तिकडचे एक वाडीवाले शेठ ठाण्यात आले. चिकूची मोठी वाडी, गावात वजन. खुर्चीत बसता बसताच म्हणाले, “फौजदारसाहेब, मोजणीचे बांबू गेले. एकजात सगळे. आणि कुणी उपटायला लावले तेही सांगतो. ती गोरी.”

“तुम्ही पाहिलंत?”

“पाहायला कशाला पाहिजे? जमीन कुणाचीच नसते, असं ती बायकांना शिकवते. तिच्या ओटीवर बसायला लागल्यापासून माझे गडी माझ्यासमोर खाली बसत नाहीत, खुशाल खाटेवर टेकतात!”

खबर देणारा माणूस गुन्ह्यापेक्षा स्वतःच्या दुखण्याबद्दल जास्त बोलायला लागला की मी सावध होतो. पण दुपारपर्यंत ओव्हरसियरचीही लेखी तक्रार आली. मोजणीच्या रेषेत उभे केलेले, तांबडे-पांढरे पट्टे रंगवलेले उंच बांबू दिवाळीच्या सुट्टीत गायब झाले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठाण्यात पाऊल टाकलं, तर तिकडच्या चौकीच्या हवालदाराने उत्साहाच्या भरात तीन कोळणी आणून बसवलेल्या. त्यातली एक अंगावर पाजणारी होती. कुणी काही बोलायला तयार नव्हतं. हवालदाराने आवाज चढवला की त्या पदर तोंडाशी धरायच्या, बस्स.

तासाभरात बाई आल्या. एवढं अंतर कशाने आल्या, कोण जाणे. सरळ माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाल्या, “भाऊ, बांबू मी उपटायला सांगितले. यांना काय नाय माहीत. यांना सोडा. कुठे सही करू?”

आणि माझ्या टेबलावरचं पेन त्यांनी उचललं.

हवालदाराचा चेहरा खुलला. आता इथे थोडा कायदा सांगायला हवा. पोलिसापुढे दिलेली कबुली कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. पण परदेशी माणसाला देशाबाहेर काढायला कोर्ट लागतच नाही. माझा एक अहवाल पुरला असता, त्याला ही सही जोडली की काम तमाम. बाईंना जहाजात बसवून त्या सेनापतीच्या देशात धाडलं असतं आणि उरलेलं आयुष्य त्यांनी कोठडीत काढलं असतं. हे मला माहीत होतं आणि त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

मी त्यांच्या हातातल्या पेनाकडे बघत राहिलो. साध्या हजेरीला जी बाई सही करत नाही, ती आज स्वतःहून पेन उचलते? गुन्हेगार कबूल होतो तेव्हा त्याची चाल बदलते, हे मी पाहिलं होतं. पण इतकी?

“काय सांगितलंत बायकांना? नेमकं?” मी विचारलं.

“सरकारचे बांबू उपटा.”

“कधी?”

“सुट्टीत.”

“आणि बांबू ठेवले कुठे?”

बाई म्हणाल्या, “ते मी सांगणार नाय.” चोरीचा माल कुठे आहे हे ठाऊक नसलेला माणूस हेच सांगतो. मी पेन त्यांच्या हातातून काढून घेतलं, तिन्ही बायकांना चहा पाजून घरी पाठवलं आणि बाईंना म्हटलं, “आधी जागा बघतो, मग सही.” त्या चिडल्या. “तुम्हाला आरोपी पाहिजे, मी देते. तरी तुम्ही घेत नाय. कसले पोलीस तुम्ही?” असं मला कुणी त्याआधी म्हटलं नव्हतं आणि त्यानंतरही नाही.

दुपारी मी किनाऱ्यावर पोचलो. बोंबलाचा हंगाम सुरू झाला होता. वाळूच्या मोकळ्या पट्टीवर, मासळीच्या खळ्यात, बांबूच्या वलांड्या म्हणजे वाळवणाच्या मांडण्या उभ्या होत्या आणि जबड्यात जबडा अडकवून बोंबलांच्या जोड्या वाळत घातलेल्या. दोन पावलं टाकली आणि जागीच थांबलो. वलांड्यांचे निम्मे खांब तांबडे-पांढरे! भर उन्हात, जाणाऱ्या-येणाऱ्याच्या डोळ्यांदेखत सरकारी बांबू बोंबलाचं ओझं सांभाळत होते. आमच्या हवालदाराने घराघरांत झडती घेतली होती, पण वासाला कंटाळून इकडे फिरकलाच नव्हता.

मासळी उलटसुलट करणाऱ्या बायकांत एक म्हातारी होती. सगळे तिला मोठीआय म्हणत. मी खांबावर हात ठेवून विचारलं, “मोठीआय, हे बांबू कुणाचे?”

“आता आमचे. पानी पडला का परत जाग्यावर लावू.”

“आधी कुणाचे होते?”

“मला काय ठाव? रिकामे उभे व्हते. हंगामाला या खळ्यात रिकामा बांबू कोनाचा नसते, सायेब. जिला लागला तिने घ्यायचा. माझ्या सासूच्या सासूपासून असाच हाय.”

“हे त्या गोऱ्या बाईंनी शिकवलं ना?”

सगळ्या बायका एकदम हसल्या. मोठीआय तर डोळे पुसायला लागली. “ती काय शिकवल? तिच्याच अंगनातला कपडे वालत घालायचा बांबू आमी उचलला, तं केवढी भांडली! लालेलाल झाली. माझा बांबू, माझा बांबू! मी तिला म्हटला, बाय, रिकामा व्हता तुझा. मंग गप झाली. तवापास्नं रोज येऊन बसते, इचारते, लिवते.”

मी तिथेच एका पालथ्या टोपलीवर बसलो. माझ्या कपाटातल्या फाइलमधली ती भयंकर अराजकवादी, आणि ‘माझा बांबू’!

संध्याकाळी ठाण्यात परतलो. बाई व्हरांड्यात एका शिपायाच्या बायकोशी भाकरी कशी थापतात यावर बोलत होत्या. मी समोर बसलो आणि एकच प्रश्न विचारला.

“बाई, तुमचा कपड्यांचा बांबू परत मिळाला का?”

त्यांचा चेहरा आधी उतरला, मग कानापर्यंत लाल झाला. आणि मग त्या हसू लागल्या, अगदी पोट धरून. हसता हसता रडू आलं ते मात्र थांबेना.

“ते कोणाला सांगू नका, भाऊ,” त्या म्हणाल्या. “सगळा जन्म मी लिहिलं, मालकी नको, मालकी नको. आणि एका बांबूसाठी मी त्या म्हातारीवर ओरडले. त्या बायका न लिहिता तसं जगतात. त्यांना तुम्ही चोर म्हणाल. मग मी कशी गप बसू?”

“तुम्हाला परत पाठवलं असतं.”

“माहीत हाय.”

“भीती नाही वाटली?”

“खूप वाटली,” बाई म्हणाल्या. मी उठून आत गेलो आणि अहवाल लिहायला घेतला.

अहवालात मी लिहिलं की गुन्ह्याचा हेतू दिसून येत नाही, माल उघड्यावर मिळाला, गावच्या वहिवाटीमुळे गैरसमज झाला आणि सदर परदेशी महिलेचा यात काहीही संबंध नाही. बांबू परत देण्याचं मोठीआयने लगेच कबूल केलं. ओव्हरसियरने बदल्यात साधे बांबू दिले आणि खुशीखुशी बोंबील घेऊन गेला. जिल्ह्याच्या ठिकाणच्या वरिष्ठांनी मात्र मला बोलावून घेतलं. “ही बाई धोकादायक आहे की नाही, एवढंच सांगा.” मी म्हटलं, “साहेब, तिच्यापासून धोका झालाच तर तिला स्वतःला होईल.” त्यांनी फाइल बंद केली.

स्वतःची कातडी वाचवायला खोटं बोलणारे मला रोज भेटले. त्यांना कसं पकडायचं हे नोकरीने मला शिकवलं. दुसऱ्यांसाठी स्वतःच्या गळ्यात फास अडकवून घ्यायला खोटं बोलणारी ही एकच भेटली. तिला पकडायचं नसतं, वाचवायचं असतं, आणि त्यासाठी तपास दुप्पट काळजीने करावा लागतो, हे मी तिच्यामुळे शिकलो. तिचे विचार मला आजही पटत नाहीत. पण इतक्या स्वच्छ माणसाची फाइल माझ्या कपाटात पुन्हा आली नाही.

बाईंना राहू द्यायचं की नाही याचा निर्णय वरून आला तेव्हा सांगायला मी स्वतः गेलो. बाई वाळूत बसून बायकांबरोबर बोंबील जोडत होत्या. हात सवयीचे झाले होते. मी सगळ्यांसमोर म्हटलं, “बाई, वरून हुकूम आला. तुम्ही इथे राहू शकता.”

बाईंनी बोंबलांची पुढची जोडी अडकवली. मोठीआयने मात्र हातातला बोंबील खाली ठेवला आणि कपाळाला आठ्या घालून माझ्याकडे पाहिलं.

“ऱ्हाऊ शकते म्हंजे? तिला कोन नेत व्हता?” तिने विचारलं. “आन नेनार व्हते, तं आमाला इचारला कोनी?”

मी टोपी काढली आणि वाळूत त्या बायकांमध्ये उकिडवा बसलो. “नाही विचारलं, मोठीआय,” मी म्हटलं. “विचारायला हवं होतं.”