सडा कुणी घातला

दीपाली राहाटे आमच्या कॉलेजात अकरा वर्षं तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवत होती. मूळची मंडणगडकडची. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या कादंबऱ्या हा तिचा विषय, आणि त्यात एकच खूळ. तिथल्या ओसाड, वाऱ्यानं झोडपलेल्या माळाला इंग्रज 'मूर' म्हणतात, तो आमच्या पोरांना दाखवायचा कसा? एक दिवस ती वर्गात म्हणाली, "मूर म्हणजे आपला सडा." कातळ, खुरटं गवत, अंगावर येणारा वारा आणि हाक मारली तर ऐकायला चिटपाखरू नाही.

"म्हंजे मॅडम, ती कादंबरीतली बाई सड्यावर वाट चुकली?" जयगडची सानिका म्हणाली. "मग मेलीच ती!"

पोरीला कादंबरी कळली होती. दीपालीनं याच एका शब्दावर प्रबंध उभा केला, पीएच.डी. मिळवली.

मग कायमची एक जागा निघाली. तिचं वय एकोणचाळीस. पुढची जाहिरात कधी येईल ते ब्रह्मदेवालाही ठाऊक नव्हतं. मुलाखतीला कॉलेजतर्फे मी बसलो होतो, मराठीचा प्राध्यापक म्हणून. विषयतज्ज्ञ देशावरचे. प्रबंध चाळता चाळता ते थांबले.

"बाई, तुमची नायिका रडत रडत सड्यावर धावते? शेणाचा सडा की नुसत्या पाण्याचा? आणि रांगोळी कोण काढतं, नायक?"

सगळे खो खो हसले. आमच्या संस्थेचे अध्यक्षही हसले, ज्यांची हापूसची कलमंच सड्यावर आहेत. दीपालीनं माझ्याकडे पाहिलं.

"सर, तुम्ही तरी सांगा ना."

एका वाक्याचं काम होतं. कोकणात सडा म्हणजे कातळाचं पठार, एवढंच. पण जागा अध्यक्षांच्या सुनेची हे आधीच ठरलं होतं, आणि माझी बढती अध्यक्षांच्या सहीवाचून अडली होती. मी बशीतलं बिस्किट उचललं आणि हसलो. असला नीचपणा करायला फार अक्कल लागत नाही.

सूनबाई रुजू झाल्या, मी विभागप्रमुख झालो. स्टाफरूममध्ये दीपालीचं नाव 'सडा-रांगोळी' पडलं. ती तासिकांवरच राहिली.

दोन वर्षांनी आमच्याकडे चर्चासत्र ठरलं. बीजभाषणाला तेच तज्ज्ञ. विषय, 'मूर आणि सडा: कोकणातून वाचलेली इंग्रजी कादंबरी'. त्यांचा या विषयावरचा लेख एव्हाना गाजला होता. त्यात दीपालीचं नाव तळटीपेतसुद्धा नव्हतं. कामाच्या वाटणीची यादी मी केली. 'प्रवेशद्वार, सडा-रांगोळी: प्रा. राहाटे.' तिचा हात चांगला आहे म्हणून, असं मी स्वतःला समजावलं.

सकाळी ती पदर खोचून बादलीतलं पाणी शिंपत होती. शिपाई आप्पा धावत आला. "सरा बाय, मी घालतो. तुमी नका."

"नको आप्पा. यातली तज्ज्ञ मीच आहे."

तेवढ्यात गाडी आली. पाहुणे उतरले, ओल्या जमिनीवरून बूट सांभाळत रांगोळीशी थांबले.

"वा! सडा कुणी घातला?"

दीपालीनं बादली खाली ठेवली, हात पदराला पुसले. "मीच, सर. आत तुम्ही घालणार आहात, तोही माझाच."

"छान, छान," म्हणत ते पुढे गेले. त्यांना कळलं की नाही कोण जाणे. मला कळलं. मी पुष्पगुच्छ सावरला आणि त्यांच्या मागोमाग आत गेलो.