शेवटची पिशवी

पूर्णेच्या रक्तपेढीत पिशव्या एकाच फ्रीजमध्ये, पण यादी दोन कॉम्प्युटरवर: इथं सुमंगलाताईंकडं, तिकडं सोनपेठच्या शाखेत मंजुषाकडं. मागं नेट गेलं तेव्हा दोघींनी एकच पिशवी दोन पेशंटना कबूल केली होती. दोघींनी कानाला खडा लावला: नेट नसताना शेवटची पिशवी द्यायचीच नाही.

आज जेसीबीनं केबल तोडली, फोनही बंद पडले. ओ निगेटिव्हची एकच पिशवी उरली होती. बाळंतिणीचा भाऊ काउंटर बडवू लागला, "ताई, फ्रीजमधी हाय की!"

"सोनपेठनं कबूल केली असंल तर?"

तो शिव्या देत नांदेडला पळाला.

तासाभरानं फोन लागला. मंजुषा म्हणाली, "ताई, तुमी दिली असंल म्हणून मी पेशंट परत पाठवला."

ताईंनी फ्रीज उघडला. पिशवी जागच्या जागी होती. यादीत एकही चूक नव्हती.