फोटोत नसलेले आबा

चोपड्याजवळच्या मळ्यात भरीत पार्टी ठरली की वांगी भाजायला आबांनाच बोलावणं जायचं. तुरकाठ्यांच्या जाळापाशी ते पन्नास जणांशी हसत बोलायचे, प्रत्येकाला आग्रहाने वाढायचे. पंगत उठली की मात्र गायब!

एकदा मी शोधत गेलो. केळीच्या बागेत, हिरव्या उजेडात, पाटाच्या पाण्यात पाय सोडून आबा बसले होते. गार खोडाला गाल टेकलेला, डोळे मिटलेले.

"आबा, फोटोसाठी सगळे थांबलेत. रोलमधला शेवटचाच उरलाय."

"सांगी दे, सापडना नही," ते म्हणाले आणि थोडं सरकले. "नाहीतर बस. आठे बठ्ठं गार शे."

खरंच, तिथे सगळंच गार होतं. मी चपला काढल्या. थोड्या वेळाने हाका ऐकू आल्या, आता माझ्याही नावाच्या.

त्या फोटोत आम्ही दोघंही नाही.