कॅबिनेटवरचं कुंकू

कॉम्प्युटर फार हळू चालतो म्हणून दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने कॅबिनेटवरचं दसऱ्याचं कुंकू नखाने खरवडलं, खालचा मॉडेल नंबर वाचला आणि झाकण न उघडताच म्हणाला, "काका, भंगारात द्या. कंपनीने जुनी सिस्टीम बंद केली, नवीन याच्यावर चालणार नाही."

माझं डोकंच फिरलं. प्रेसने मला नारळ दिला, त्यानंतर याच्यावरच लोकांची पुस्तकं टाइप करून मी घर चालवलं. आजही बटण दाबलं की कुरकुरत का होईना, उठतो बिचारा. पण कुणीतरी लांब बसून ठरवायचं, आता पुरे! प्रेसमध्येही असंच ठरलं होतं. तेव्हा मी मुकाट्याने उठून आलो.

"रॅम वाढवा, डिस्क बदला," मी ओरडलो. "आणि आधी हात धुऊन या. ते कुंकू आता तुम्हीच परत लावायचं."