तपकिरीच्या पुढं

नळदुर्गला हायवेच्या कडंला जाईबाई आत्या ट्रकच्या स्प्रिंगांच्या जुन्या पाट्यांपासून कोयते घडवतात. तीस वर्षांत त्यांचा एकपण कोयता परत आला नव्हता. आज सकाळी ऊसतोड टोळीच्या रणधीर मुकादमानं सहा आणून आपटले! बांधावरचा ऊस तोडून बघितला, तर धारेचे तुकडेच पडले.

"दुपारी टोळी निघतीय, जाईबाई. जमत नसंल तर सांगा, सोलापुरातनं घेतो."

आत्यांनी एक कोयता उचलून तुटकी धार निरखली. मी त्यांची भाची, भात्यावर बसलेली. ह्या बारीचे पाटे नव्या मॉडेलच्या ट्रकचे होते, अन् भंगारातनं ते मीच आणलेले.

आत्या कोयता पाण्यात बुडवून कडक करतात, मग ठिसूळपणा जावा म्हणून परत मंद आचेवर धरतात. धार तपकिरी झाली की बाहेर. मी डिप्लोमात शिकलेलं एका दमात ओकलं, "आत्या, नव्या पाट्यात क्रोमियम असतं! त्यामुळं लोखंड कडकपणा लवकर सोडत न्हाय, ठिसूळच ऱ्हातं. जास्त तापवा, निळ्यापर्यंत जाऊ द्या!"

"अन् पाटे आणले तवा झोपली हुतीस व्हय गं?"

लई लागलं. पण खरंच होतं.

आत्यांनी एका कोयत्याची धार घासून काढली, आचेवर धरला. तपकिरी रंग आला तसा सवयीनं हात मागं आला. मी ओरडणारच होते, पण त्यांनी कोयता परत आचेवर नेला. जांभळा झाला. मग निळा.

गार झाल्यावर रणधीरनं वाळल्या बाभळीवर चार घाव घातले, धारेवरनं अंगठा फिरवला.

"बाकीचे पाच कधी देताय?" म्हणत तो तिथंच बसला.