चूलबंद आमंत्रण

आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. कॉलेजचा फॉर्म गावच्या शाळेतल्या सरांनी भरला. सही जिथं करायची तिथं बोट ठेवून वडिलांना दाखवलं. ते उपकार मी विसरलो नाही. तरीही त्यांच्या मुलीच्या लग्नाला मी गेलो नाही.

सर आमच्या गावाहून, जामहून, एसटीने नालवाडीला माझ्या खोलीवर आमंत्रण द्यायला आले होते. तीन आठवडे मी ऑफिसला गेलो नव्हतो. अंघोळीला उठणंही जमत नव्हतं. सरांनी माझ्याजवळ राहणाऱ्या आईच्या हातावर अक्षता ठेवल्या. "चूलबंद आहे बरं," म्हणाले. म्हणजे त्या दिवशी घरात चूल पेटवायची नाही, सगळ्यांनी तिकडेच जेवायचं. असं जवळच्यांनाच सांगतात.

मग माझ्याकडे वळून हसले. "काऊन रे साहेब, दाढी वाढवून राह्यला? लगन आहे बापा, कीर्तन नाई!"

ते हसणं मला टोचलं. त्यांनी खोलीभर नजर फिरवली, अर्धा चहा तसाच ठेवला आणि निघाले.

लग्नाच्या सकाळी आई नवं पातळ नेसून बसली.

"म्या नाई येत," मी म्हणालो. "त्याइनं घर कसं पाह्यलं, दिसलं नाई तुले? चहाबी टाकला."

"साखरेची बिमारी आहे त्याइले. अन् घर नाई, तुले पाहून राह्यले होते ते."

सरांचा मधुमेह मला शाळेपासून माहीत होता. तरी आई माझी समजूत काढतेय, असंच वाटलं. मी भिंतीकडे तोंड केलं. आईने दिवसभर गॅस पेटवला नाही. उपाशी राहिली.

मला जे झालं होतं त्याचं नाव नैराश्य, हे पुढे डॉक्टरांकडून कळलं. औषधं सुरू झाल्यावर काही महिन्यांनी मी जामला सरांकडे गेलो. पूर्वी त्या घरी मी थेट स्वयंपाकघरात शिरून माठातलं पाणी प्यायचो. या वेळी काकूंनी बाहेरच्या खोलीत ट्रेमधून पाणी आणलं. मी आजाराबद्दल सगळं सांगितलं.

"पंगतीत तुमची मायलेकाची दोन पानं अडवून ठेवली होती यांनी," काकू म्हणाल्या. "वाढप्याले हात लावू देत नव्हते."

"जाऊ दे ना ते," म्हणत सरांनी घड्याळाकडे पाहिलं.

माणसांच्या नजरा आता मला बरोबर कळतात. मी उठलो. जेवून जा, असं कोणी म्हणालं नाही.