यमुनाबाईंचा डावा हात

छत्तीस वर्षं मी कॉलेजात इतिहास शिकवला. झपाटणं, अंगात येणं, असलं काही कोणी सांगू लागलं की मी सरळ विचारायची, “कागद कुठंय?” तेव्हा खालचं वाचून ‘बसला ना शेवटी विश्वास’ असं कोणी म्हणू नये. बसलेला नाही. मी चिडून लिहितेय. (माणसांची नावं बदलली आहेत.)

मी राहते बडोद्यात, कारेलीबागेत, सोसायटीच्या दुसऱ्या मजल्यावर. निवृत्तीनंतर चरित्रं लिहिते... ज्यांची कोणी लिहीत नाही अशांची. संस्थानात नकाशे काढणाऱ्या एका कारकुनाचं लिहिलं, हाडं बसवणाऱ्या एका बाईचं लिहिलं. तिसरं यमुनाबाईंचं.

शंभरेक वर्षांपूर्वी यमुनाबाई बडोद्याच्या वाडी भागातल्या गल्ल्यागल्ल्यांतून हिंडायच्या, आयांशी भांडून मुली गोळा करायच्या आणि स्वतःच्या ओसरीवर शिकवायच्या. आज त्यांच्या नावाची साधी पाटी नाही. त्यांच्या यजमानांचं नाव मात्र जुनी माणसं घेतात. ते फौजेत कारकून होते. ते गेल्यावर घरच्यांनी एक स्मरणपुस्तिका छापली, त्यात एक वाक्य आहे – अडाणी पत्नीस स्वतः अक्षरओळख करून देऊन त्यांनी तिला घडवले. बाईंचा स्वतःचा म्हणाल तर एकच कागद, मुलींची नावं लिहिलेली वही. दोन्ही मला त्यांचे पणतू माधवराव यांनी दिल्या. पुस्तिकेतलं ते वाक्य मला पटत नव्हतं. तरी दुसऱ्या प्रकरणात मी तेच घातलं. छापील कागद होता ना!

गेल्या दिवाळीच्या आधीचा शनिवार. वाडीतल्याच एका छोट्या वाचनालयात संध्याकाळी पाच वाजता माझं व्याख्यान होतं. पस्तीसेक माणसं असतील. पहिल्या रांगेत माझी जुनी विद्यार्थिनी हेतल मोबाइलवर रेकॉर्ड करत होती. तिच्या मागे माधवराव आणि शेजारी त्यांची आत्या, म्हणजे यमुनाबाईंची सख्खी नात. वय शहाऐंशी.

मी बोलत बोलत त्या वाक्याशी आले. ‘यजमानांनी त्यांना’ एवढं म्हटल्याचं आठवतं. घसा कोरडा पडला म्हणून पाणी प्यायले, ग्लास खाली ठेवला... आणि त्यानंतर एकदम हेतलनं माझा दंड धरलेला आहे, माधवराव उभे राहिलेत आणि याला पुरावा काय, म्हणून विचारतायत. कशाला पुरावा, हेच मला कळेना.

मधली चार मिनिटं माझ्याकडे नाहीत. ती हेतलच्या मोबाइलमध्ये आहेत.

तिच्या गाडीत बसून मी ती ऐकली. आवाज माझाच, पण बोलणं माझं नाही. मी रागावले की माझा आवाज चढतो. ही बाई हळू बोलत होती, एकेक शब्द वेगळा टाकत.

“मला त्यानं नाही शिकवलं. जमनानं शिकवलं. मागच्या गल्लीत, पोळात, रजया शिवायची. तीही यमुनाच, पण गुजराती, म्हणून जमना. कापडाच्या गठ्ठ्यांवरची अक्षरं बघून ती शिकली, अन् चुलीच्या राखेत बोट फिरवून तिनं मला शिकवलं. त्याला कळलं तेव्हा त्यानं माझा हात तव्यावर धरला. डावा. उजवा त्याला स्वयंपाकाला हवा होता.”

आणि मग –

“चार वर्षं माझी वही उघडून बसलीस, बाई. वाचलीस का?”

हेतलनं हळूच विचारलं, “मॅडम, आ बधुं क्यांथी?” – हे सगळं कुठून आलं. मी तिला ते पुसून टाकायला सांगितलं. तिनं ऐकलं नाही, हे बरंच झालं.

घरी आले ती धुमसतच. माझं तोंड मला न विचारता कोणी वापरलं असेल तर त्याचा राग, आणि चार वर्षं घालवून ‘वाचलीस का’ हे ऐकून घ्यावं लागलं त्याचा त्याहून जास्त. वही काढली. नावं सगळी मराठी, पण एकाही शब्दावर वरची रेघ नाही, गुजरातीत नसते तशी. ‘ज’ गुजराती, ‘ख’ गुजराती. मी माझ्या टिपणात काय लिहून ठेवलं होतं? ‘अक्षर घाईचे.’ जन्म बडोद्यात गेला, रोज गुजराती पाट्या वाचत बाजारात जाते, आणि ही बाई आधी गुजराती लिहायला शिकली होती हे मला दिसलं नाही! कारण मला छापील वाक्य मिळालेलं होतं.

इथवर ठीक आहे. माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं डोक्यात कुठंतरी साठलं आणि त्या दिवशी बाहेर पडलं, असं म्हणता येईल. डॉक्टरांनीही तेच सांगितलं. स्कॅनमध्ये काही निघालं नाही.

मंगळवारी फोन आला. आत्यांच्या सूनबाई बोलत होत्या – आत्या बोलावतायत, माधवरावांना कळवू नका. आत्यांचा मुलगा रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये. घर प्रतापनगरला, रेल्वे क्वार्टर्समध्ये. मी गेले. आत्यांनी सुनेला चहा टाकायला आत पाठवलं आणि मला जवळ बसवून घेतलं.

“तव्याचं तुम्हाला कोणी सांगितलं?”

मी खरं ते सांगितलं, की कोणी नाही.

त्या म्हणाल्या, आजीच्या डाव्या हाताची दोन बोटं एकमेकांना चिकटलेली होती. घरात सांगायचे, दिवाळीत फटाका हातात फुटला. खरं काय ते त्यांच्या आईनं शेवटच्या आजारपणात त्यांना एकटीला सांगितलं.

“मी कुणापाशी बोलले नाही. नवऱ्यापाशी नाही, माधवपाशी तर नाहीच.”

जमनाबद्दल विचारलं. आजीला शिकवणारी कोणी गुजराती बाई होती एवढंच त्यांना माहीत. आजी तिला नुसतं बेन म्हणायची. “नाव मला तुमच्याकडून कळलं,” त्या म्हणाल्या आणि पदरानं डोळे पुसायला लागल्या. निघताना मला बजावलं, मी आहे तोवर माझा हवाला द्यायचा नाही. मी शब्द दिला.

पुढे माधवराव घरी आले. पणजोबांची बदनामी खपवून घेणार नाही म्हणाले. मी विचारलं, आणि पणजीचा हात? ते म्हणाले, पुरावा दाखवा. पुरावा प्रतापनगरला बसला होता आणि मला तोंड उघडता येत नव्हतं. ते वही घेऊन गेले. प्रकाशकानं सांगितलं, स्रोत द्या, नाहीतर जुनंच वाक्य ठेवा. मी हस्तलिखित परत घेतलं.

आत्या मार्चमध्ये गेल्या. म्हणून आज लिहितेय. पुस्तक मी स्वतः छापणार आहे, जमनाच्या नावासकट. माधवरावांनी कोर्टात जावं.

वहीतल्या अक्षरांचं मला कळलं. डावा हात, रजया आणि ते नाव माझ्या तोंडी कुठून आलं, ते अजून कळलेलं नाही. वर्षभर मी ते रेकॉर्डिंग पुनःपुन्हा ऐकतेय. त्या चार मिनिटांतला राग माझा नव्हता, एवढं छातीवर हात ठेवून सांगते. आजचा मात्र माझा आहे.